कर्ज फेडताना उमेद टिकवायची कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्सनल लोन, क्रेडिट कार्ड, ॲपवरून घेतलेलं, पतसंस्थेचं, मित्राकडून हातउसनं, असं सगळं मिळून ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्याकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. होम लोन आणि पीककर्ज यात धरलेलं नाही, त्यांचे नियम वेगळे. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे असेल तर तिथे नंबर दिलाय.

१. हप्ते वेळेवर जातायत पण कर्ज कमी झाल्यासारखं वाटतच नाही. माझं काही चुकतंय का?

काही चुकत नाहीये, हप्त्याची रचनाच अशी असते, आणि माझ्या मते लोकांचा धीर सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, आळस किंवा उधळेपणा नाही.

समजा ५ लाखांचं पर्सनल लोन आहे, १४ टक्के व्याज, ५ वर्षं मुदत. हप्ता बसतो साधारण ११,६३४ रुपये. पहिल्या हप्त्यातले ५,८३३ रुपये नुसतं व्याज, म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे मुद्दलाला शिवतच नाहीत. वर्षभरात तुम्ही जवळजवळ १ लाख ४० हजार भरता आणि मुद्दल उतरतं फक्त ७४ हजारांनी. हे बघून कोणाचंही तोंड उतरेल. पण त्याच कर्जात शेवटच्या वर्षी तेवढेच हप्ते भरून जवळपास १ लाख ३० हजार मुद्दल उतरतं. अर्धं मुद्दल फिटायला ३६वा हप्ता उजाडतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या २४ हप्त्यांत संपतं.

सुरुवातीची दोन-अडीच वर्षं सगळ्यात कंटाळवाणी जाणार हे आधीच माहीत असलं की मन खात नाही. बँकेकडून रिपेमेंट शेड्यूल मागून घ्या, ॲपमध्येही असतं, त्यात प्रत्येक हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती ते छापलेलं असतं. ते घरात हाताशी ठेवा, प्रश्न ५ मध्ये त्याचा उपयोग सांगितलाय.

२. सुरुवात कुठून करू? एकूण देणं किती आहे तेच मला नीट माहीत नाही.

बहुतेकांना माहीत नसतं, कारण बेरीज करायची भीती वाटते. एक साधी वही घ्या. प्रत्येक देण्याला एक ओळ: कोणाचं, आज बाकी किती, व्याज किती टक्के, हप्ता किती, कोणत्या तारखेला, किती हप्ते राहिले. बहिणीकडून घेतलेले २० हजार, वाण्याची उधारी, ऑफिसातला ॲडव्हान्स, मोबाईलचा ‘नो कॉस्ट’ ईएमआय, हे पण लिहायचं.

काही सुटलं असेल असं वाटत असेल तर क्रेडिट रिपोर्ट (तुमच्या नावावरची कर्जं आणि कार्डं, आणि ती कशी फेडताय याची नोंद) काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळायला हवा असा २०१७ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कधीतरी घेतलेलं आणि विसरलेलं कार्ड त्यात हमखास सापडतं. आपण स्वतःचा रिपोर्ट बघितला म्हणून स्कोर कमी होत नाही.

बेरीज झाली की दोन दिवस झोप नीट लागत नाही, हे खरंय. त्यानंतर मात्र बऱ्याच जणांना हलकं वाटतं, कारण तोपर्यंत मनात जो आकडा फिरत होता तो अंदाजे होता आणि बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा मोठा होता.

३. आधी छोटं कर्ज संपवू की जास्त व्याजाचं?

हिशोबाने बघितलं तर जास्त व्याजाचं आधी. त्यात पैसे वाचतात, याबद्दल वादच नाही.

पण फेडणारा माणूस आहे. अमेरिकेत केलॉग स्कूलच्या डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन यांनी २०१२ मध्ये कर्जात बुडालेल्या काही हजार लोकांच्या नोंदी तपासल्या, तर ज्यांनी एकेक खातं पूर्ण बंद करत आणलं ते शेवटपर्यंत जाण्याची शक्यता जास्त दिसली, मग बंद केलेलं खातं रकमेने छोटं का असेना. एक नाव यादीतून कायमचं गेलं की पुढच्याला हात घालायला जोर येतो.

माझं मत असं, क्रेडिट कार्डाचं फिरतं कर्ज (पूर्ण बिल न भरता पुढे ढकललेली बाकी) किंवा लोन ॲपचं काही असेल तर ते आधी, तिथे व्याजच इतकं आहे की छोटं-मोठं बघायची चैन परवडत नाही (प्रश्न ४). ते नसेल आणि बाकी सगळ्यांची व्याजं साधारण ११ ते १६ टक्क्यांच्या आसपास असतील तर सरळ सगळ्यात छोटं आधी उडवा. त्याचा हप्ता सुटला की तो खर्चात जाऊ द्यायचा नाही, पुढच्या कर्जाला जोडायचा.

४. क्रेडिट कार्डाचं मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) दर महिन्याला न चुकता भरतो, मग कर्ज हलत का नाही?

कारण मिनिमम ड्यूने लेट फी टळते, कर्ज टळत नाही. ढोबळ आकडे बघा. १ लाख बाकी आहे, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३० रुपये, झाले ४,१३०. मिनिमम ड्यू ५ टक्क्यांनी धरलं तर ५,००० रुपये. म्हणजे ५,००० भरून बाकी उतरली ८७० रुपयांनी. प्रत्येक बँकेचं सूत्र थोडं वेगळं असतं पण चित्र हेच. वर, बाकी राहिलेली असेपर्यंत नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या किराण्यावर आजपासूनच व्याज लागतं.

म्हणून कार्डावर बाकी फिरवत असाल तर पहिलं काम, ते कार्ड वापरणं थांबवा, फूड डिलिव्हरी आणि शॉपिंगच्या ॲपमध्ये सेव्ह केलेलं असेल तर तिथून काढा. दुसरं, बँकेला ती बाकी ईएमआयमध्ये करून मागा, व्याज बऱ्यापैकी खाली येतं आणि मुख्य म्हणजे शेवटची तारीख दिसायला लागते. ज्याला शेवटच नाही अशा गोष्टीसाठी उमेद कुठून आणणार.

५. दोन-तीन महिने जोशात जातात आणि मग सगळं ढेपाळतं. जोश टिकवायचा कसा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जोशावर कर्ज फेडायचं नाही हे आधी ठरवून टाका. जोश पगाराच्या दिवशी असतो आणि २० तारखेला नसतो, त्यामुळे जे काही जास्तीचं भरायचंय ते पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप गेलं पाहिजे. हप्त्यांच्या तारखा महिनाभर विखुरल्या असतील तर बँकेला विचारून जमतील तेवढ्या एकाच आठवड्यात आणा, काही बँका तारीख बदलून देतात. पगाराचं खातं आणि खर्चाचं खातं वेगळं ठेवा, पगाराच्या खात्याचं यूपीआय फोनवर ठेवूच नका. हे एकदा लावून ठेवलं की दर महिन्याला मनाशी झगडा करावा लागत नाही, आणि माणूस थकतो तो या रोजच्या झगड्यानेच.

दुसरी गोष्ट, जे फिटलंय ते डोळ्याला दिसलं पाहिजे. माझ्या ओळखीतले एक दादा आहेत, रोज डोंबिवलीहून लोकलने ये-जा करतात, त्यांच्या पासाच्या पाकिटात रिपेमेंट शेड्यूलची घडी असते. हप्ता गेल्याचा मेसेज आला की ते गाडीतच पेनने ती ओळ खोडतात. मध्येच जास्तीचे पैसे भरले की खालून, म्हणजे शेवटच्या हप्त्यांपासून, ओळी खोडतात. कागद घड्यांवर फाटायला आलाय, सेलोटेप लावलीये, पण नवीन प्रिंट काढायला ते तयार नाहीत. वरून आणि खालून खोडत मधली पांढरी जागा कमी होताना दिसते, आणि बँकेच्या ॲपमधला बाकीचा आकडा बघून असं काही वाटत नाही कारण तिथे फक्त काय राहिलंय तेवढंच असतं.

यामागे कारणही आहे. २००६ मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग छापून आला होता, गाड्या धुणाऱ्या सेंटरने गिऱ्हाइकांना शिक्के मारायची कार्डं दिली. काहींच्या कार्डावर ८ रिकाम्या जागा, काहींच्या १०, पण त्यातले २ शिक्के आधीच मारलेले. दोघांनाही गाडी ८ वेळाच धुवून घ्यायची होती. पहिल्यांमधल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यांमधल्या ३४ टक्के. आपण आधीच थोडं चालून आलोय हे दिसलं की माणूस पुढे चालतो. म्हणून आत्तापर्यंत फेडलेले हप्ते पण खोडा, आजपासून शून्याने सुरुवात करू नका.

तिसरं, आकडा रोज बघू नका. महिन्यातून एक दिवस ठरवा, पगारानंतरचा पहिला रविवार वगैरे, नवरा-बायको किंवा घरातले जे कोण यात आहेत ते सकाळच्या चहाला वही घेऊन बसा, अर्धा तास, बस. बाकी दिवस कर्ज हा घरातल्या बोलण्याचा विषय नको. ज्या घरात जेवताना रोज हाच विषय निघतो तिथे लोक सहा महिन्यांत विटतात.

आणि टप्पे छोटे ठेवा. ‘५ लाख फेडायचे’ हा टप्पा नाही. ‘मार्चच्या आत कार्ड शून्य’ हा टप्पा आहे. टप्पा गाठला की काहीतरी करा, सगळे मिळून बाहेर मिसळ खा, नाटकाला जा, आधी ठरवलेल्या पैशांत आणि रोखीने.

६. खर्च किती कापायचा? बाहेरचा चहा-वडापावसुद्धा बंद करायचा का?

नको. सगळं बंद करणारे लोक तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम सुटतात आणि एका वीकेंडला सगळं वाचवलेलं उडवतात. घरातल्या प्रत्येकाला महिन्याची ठराविक खिशातली रक्कम द्या, छोटी का असेना, आणि त्याचा हिशोब विचारू नका. कापायचंच तर मोठ्या गोष्टींवर बघा: घरभाडं, गाडी, न वापरली जाणारी सबस्क्रिप्शनं, मुलांचे तीन-तीन क्लास.

७. सगळे पैसे कर्जात टाकू की थोडे बाजूला ठेवू?

थोडे बाजूला आधी. हातात काहीच नसेल तर गाडीचा टायर फुटला किंवा मुलाला ॲडमिट करावं लागलं की परत कार्ड बाहेर निघतं आणि त्या दिवशी जे खच्चीकरण होतं ते पैशापेक्षा महाग पडतं. सुरुवातीला एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात पुरे, मग उरलेला जोर कर्जावर.

कार्डाची बाकी फिरत असताना नवीन एसआयपी (फंडात दर महिन्याची ठरलेली गुंतवणूक) चालू करण्यात अर्थ नाही, ४० टक्क्यांच्या आसपासचं व्याज कुठल्याही फंडाने भरून निघत नाही. मेडिक्लेम आणि टर्म इन्शुरन्स मात्र बंद करू नका, आणि पीएफ आपला आपण कापला जातो तो जाऊ द्या.

८. गणपती, दिवाळी, चुलतभावाचं लग्न, या महिन्यांत सगळं कोलमडतं. काय करू?

हे महिने अचानक येत नाहीत, कॅलेंडरवर असतात. प्रश्न २ मधल्या वहीत पुढच्या बारा महिन्यांचे सणवार, आहेर, शाळेची फी, गाडीचा इन्शुरन्स असं सगळं लिहून बेरीज करा, १२ने भागा, तेवढे दर महिन्याला वेगळे ठेवा. ज्या महिन्यात जास्तीचं भरणं जमणार नाही तो महिना आधीच वहीत ‘फक्त हप्ता’ म्हणून लिहून ठेवा. ठरवून थांबलात तर अपराधी वाटत नाही, न ठरवता थांबलात तर परत उभं राहायला वेळ लागतो.

आहेराचं बोलायचं तर, जवळच्या माणसांना तुम्ही काय दिलं यापेक्षा आलात की नाही हे लक्षात राहतं. गावी जाणं टाळू नका, पाकीट हलकं करा. आपल्याकडे लोक कर्ज काढून आहेर करतात आणि मग तोंड लपवायला लागू नये म्हणून भेटीगाठीच तोडतात, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

९. घरी सांगितलेलं नाही. सांगू का?

नवऱ्याला किंवा बायकोला, हो, सांगा. लपवलेलं कर्ज फेडणं दुप्पट अवघड असतं कारण पैसे फेडायचे आणि शिवाय ते फेडताय हेही लपवायचं, आणि खर्च का कमी केलाय याचं रोज नवीन कारण शोधायचं. सांगताना आधी वही पूर्ण करा (प्रश्न २), पूर्ण आकडा एकदाच सांगा, हप्त्याहप्त्याने सांगू नका. अर्धा आकडा सांगून नंतर उरलेला कळला तर राग कर्जाचा नसतो, लपवल्याचा असतो.

आई-बाबांचं वय, तब्येत बघून ठरवा. त्यांच्या नावावर काही गहाण असेल किंवा ते जामीनदार असतील तर त्यांना कळायलाच हवं.

घरात मारहाण, संशय, पैशावरून छळ असं काही असेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही. आधी भावंड, मैत्रीण, कोणीतरी एक विश्वासाचं माणूस बघा आणि त्याला सांगा.

१०. एक हप्ता बाऊन्स झाला. आता सगळंच गेलं असं वाटतंय.

एका हप्त्याने सगळं जात नाही. काय होतं ते नीट समजून घ्या: लोन देणारा बाऊन्स चार्ज लावतो, तुमची बँकही लावते, उशिराचा दंड लागतो आणि क्रेडिट रिपोर्टवर उशिराचे दिवस नोंदले जातात. १ एप्रिल २०२४ पासून बँका आणि एनबीएफसींना (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या कंपन्यांना) दंड वेगळा चार्ज म्हणून लावावा लागतो, तो व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुढे व्याजही लावता येत नाही (क्रेडिट कार्डाला हा नियम लागू नाही). खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या हिशोबात बुडीत, होतं ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकल्यावर.

म्हणून पुढच्या हप्त्याच्या तारखेच्या आत मागचा भरून टाका, तेवढं जमलं तरी खूप. नोकरी गेली, दुखणं आलं आणि पुढचे काही महिने जमणारच नाही असं दिसत असेल तर हप्ता चुकण्याच्या आधी बँकेला मेल करा, मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा. चुकल्यावर मागण्यापेक्षा आधी मागितलं तर बोलणं सोपं जातं. फोन उचलायचे बंद करणं हा सगळ्यात वाईट रस्ता.

११. बोनस आलाय, किंवा घरातलं सोनं मोडून एकदम भरू का?

बोनसचा मोठा भाग भरा, पण आधी लोनच्या कागदात प्रीपेमेंटची अट वाचा. पर्सनल लोन बहुतेक फिक्स्ड रेटचं असतं आणि त्यावर वेळेआधी भरण्याचा चार्ज लागू शकतो, काही ठिकाणी पहिले काही हप्ते पार्ट पेमेंट घेतच नाहीत. भरताना ‘हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी सांगा. प्रश्न १ मधल्याच कर्जात पहिल्यापासून महिन्याला २ हजार जास्त जात राहिले तर कर्ज साधारण ११ महिने आधी संपतं आणि ४० हजारांच्या वर व्याज वाचतं.

सोन्याचं वेगळं आहे. बायकोचे दागिने हे स्त्रीधन आहे, कायद्यानेही तिचंच, त्यामुळे निर्णय तिचा, आणि ‘तू नाही म्हणालीस तर’ असा दबाव नको. तिने मनापासून हो म्हटलं तर न वापरलं जाणारं वळं किंवा नाणं मोडून कार्डाचं कर्ज उडवणं हिशोबाने बरोबर आहे. मंगळसूत्र, आजीच्या पाटल्या असलं काही मोडून नंतर आयुष्यभर हळहळायचं असेल तर नको. गहाण ठेवून गोल्ड लोन घेतलं तर व्याज कार्डापेक्षा बरंच कमी पडतं, पण ते फेडायची तारीख वहीत आली पाहिजे, नाहीतर सोनं लिलावात जातं.

१२. सगळी कर्जं मिळून एकच मोठं लोन घेतलं तर?

दोन गोष्टी जमत असतील तरच. नवीन व्याज, प्रोसेसिंग फी धरून, जुन्यांच्या सरासरीपेक्षा खरंच कमी हवं, आणि जुनी कार्डं शून्य झाली की बंद करायची तयारी हवी. हप्ता कमी दिसतो तो बरेचदा मुदत वाढवल्यामुळे, म्हणून हप्ता बघू नका, एकूण किती भरणार ते बघा. लोन मिळाल्यावर शून्य झालेलं कार्ड परत भरलं तर आधीपेक्षा दुप्पट खड्डा, आणि तेव्हा उमेद शोधूनही सापडत नाही.

१३. बँकेतून फोन येतो, ‘सेटलमेंट करा, निम्म्यात मिटवून टाकू’. घ्यावं का?

हप्ते भरायची ऐपत असेल तर नको. सेटलमेंट केल्यावर रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ लागत नाही, ‘सेटल्ड’ लागतं, आणि पुढे होम लोन मागायला गेलात की ते कित्येक वर्षं आडवं येतं. खरंच दुसरा मार्ग उरला नसेल तर घ्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण आधी बँकेच्या लेटरहेडवर रक्कम आणि तारखेसकट पत्र घ्या आणि पैसे फक्त लोन खात्यात भरा, एजंटच्या यूपीआयवर कधीही नाही.

१४. रिकव्हरीवाले ऑफिसात, सासरी फोन करतात. अशात फेडायची उमेद कशी राहणार?

राहात नाही, म्हणून आधी हा त्रास थांबवायचा. कर्ज थकणं हा दिवाणी मामला आहे, हप्ता चुकला म्हणून पोलीस घरी येऊन उचलून नेत नाहीत. दिलेला चेक किंवा ऑटो डेबिट बाऊन्स झालं तर मात्र वेगळी केस होऊ शकते, त्यामुळे कोर्टाचा कागद किंवा वकिलाची नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँका आणि एनबीएफसींचे एजंट वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक-मित्रांना त्रास, यातलं काहीही चालत नाही. कॉलची तारीख-वेळ लिहा, रेकॉर्डिंग ठेवा, बँकेच्या तक्रार विभागाला मेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट, माहितीसाठी नंबर १४४४८. सहकारी पतसंस्था यात येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे.

लोन ॲपवाले फोटो मॉर्फ करून पाठवायची धमकी देत असतील तर तो सरळ सायबर गुन्हा आहे, १९३० वर लगेच फोन करा आणि घरच्यांना तुम्हीच आधी सांगा म्हणजे धमकीतली हवा जाते.

आणि हे सगळं सहन न होऊन जीव नकोसा वाटत असेल तर बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि १४४१६ ला फोन करा. ही सरकारची टेलि मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. कर्जाला वाट निघते, बँका मुदत वाढवतात, रक्कम सोडतात. तुम्ही असणं घरच्यांना त्या सगळ्या रकमेपेक्षा मोठं आहे, हे मी मनापासून लिहितेय.

१५. गावातल्या सावकाराकडून घेतलंय. व्याज भरतोय पण मुद्दल तसंच.

आधी बघा त्याच्याकडे लायसन आहे का. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार लायसनशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लायसनवाल्यालाही सरकारने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपल्या जुन्या लोकांना दामदुपट म्हणून माहीत असलेला हाच नियम. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या ऑफिसात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर तेही तिथे सांगा, ती परत मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. आत्तापर्यंत दिलेल्या पैशांच्या तारखा आठवतील तशा लिहून काढा, साक्षीला कोण होतं ते पण.

१६. मित्राच्या पैशाला व्याज नाही. त्याचं शेवटी दिलं तर चालेल ना?

हिशोबाने चालेल, नात्याने नाही. थोडे का होईना, महिन्याला ठरलेल्या तारखेला देत राहा, हजार तर हजार, आणि सगळे कधीपर्यंत होतील ते त्याला सांगा. त्याच्याकडे काही निघालं, घरात लग्न, आजारपण, तर त्याचा नंबर यादीत वर घ्या.

१७. शेवटचा हप्ता गेला. आता काय?

एनओसी म्हणजे नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, दिलेले कोरे चेक परत मागा, ऑटो डेबिटचं मँडेट रद्द करा, आणि महिना-दीड महिन्याने रिपोर्टवर ‘क्लोज्ड’ आलंय का बघा. कार्ड बंद करायचं असेल तर लेखी विनंती द्या, बाकी शून्य असेल तर ७ कामाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला मिळायला हवा.

हप्त्याची रक्कम पुढच्या महिन्यापासून त्याच तारखेला आरडीत टाका, शरीराला सवय झालेलीच आहे. अजून कर्जं बाकी असतील तर प्रश्न ३.

१८. मी तर फक्त जामीनदार होतो. दुसऱ्याचं कर्ज फेडायला मन कसं होणार?

या प्रश्नावर माझ्याकडे गोड उत्तर नाही. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते, आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. पतसंस्था सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढून पगारापर्यंत येऊ शकते, आणि बँकेचं कर्ज असेल तर तुमच्या क्रेडिट रिपोर्टवरही ते दिसतं.

तरी दोन गोष्टी मनाला धरून ठेवायला मदत करतात. तुम्ही भरलेला प्रत्येक रुपया मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला आहे, म्हणून पावती स्वतःच्या नावाने घ्या, रोख देऊ नका, प्रत्येक वेळी कर्जदाराला मेसेज करून कळवा, आणि किती वर्षांत दावा लावावा लागेल ते वकिलाला आत्ताच विचारा. आणि संस्थेत जाऊन दुसऱ्या जामीनदारालाही सोबत घ्या, एकटा गेलात तर सगळं तुमच्याच गळ्यात पडतं.

१९. बाबा गेले. त्यांच्या पर्सनल लोनचे फोन आता मला येतायत, आईला पण. मी भरायचं का?

तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल तर तुमच्या स्वतःच्या कमाईतून भरायची जबाबदारी तुमच्यावर नाही. वारसांची जबाबदारी बाबांकडून जे काही मिळालं, एफडी, जमीन, घरातला हिस्सा, त्याच्या किमतीपुरतीच असते.

आधी मृत्यूचा दाखला बँकेला लेखी द्या आणि या लोनवर विमा होता का ते विचारा, बरेचदा लोन देताना प्रीमियम कापलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो, विमा असेल तर बाकी तिथूनच फिटते. बाबांचं नाव राहावं म्हणून भरायचंच असं काही मुलं ठरवतात, मला त्यांचा आदर वाटतो, पण ते बारावं-तेरावं होऊन, डोकं शांत झाल्यावर, आईशी बोलून ठरवा. तोपर्यंत एजंटने पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करू नका आणि ‘थोडे तरी भरा’ म्हणाला तरी स्वतःच्या खात्यातून काही पाठवू नका, आईलाही हे सांगून ठेवा, कारण दुपारी घरी ती एकटी असते तेव्हाच फोन येतात.